दत्तक लेकरू घरी आल्यावरचे पहिले आठवडे

दत्तक म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दुपट्यात गुंडाळलेले तान्हे बाळ येते. पण संस्थेतून घरी येणारी कितीतरी मुले दीड, दोन, अडीच वर्षांची असतात. ती चालतात, आपल्या हाताने खातात, दोन-चार शब्द बोलतात, आणि ज्या घरात त्यांना आणले जाते तिथल्या एकाही माणसाला नीट ओळखत नाहीत. आपल्या वस्त्यांतही आता अशी मुले घेणारी जोडपी दिसतात, एखादी एकटी बाईही दिसते. कागदपत्रांचे त्यांना पुष्कळ सांगितले जाते. लेकरू घरात आल्यावर पहिल्या सहा-आठ आठवड्यांत नेमके कसे वागायचे, हे मात्र कुणी बसून सांगत नाही. या वेळचे आरोग्याचे पान त्यासाठी आहे.

कायद्याबद्दल दोनच वाक्ये. संस्थेतले मूल २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे 'कारा'कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे नोंदणी करूनच घेता येते. दवाखान्यातल्या ओळखीने किंवा मध्यस्थाला पैसे देऊन मूल आणणे हा गुन्हा आहे, आणि असे आणलेले मूल उद्या तुमच्या मांडीवरून उचलून नेले जाऊ शकते. दत्तकाचा अंतिम आदेश निघण्याआधीही मूल घरी येते, त्यामुळे आम्ही इथे जे लिहीत आहोत ते आदेशाच्या कागदाची वाट न पाहता पहिल्या दिवसापासूनच लागू आहे.

लेकराच्या बाजूने पाहा

मूल घरी येते तो दिवस तुमच्यासाठी सणाचा असतो. कित्येक वर्षांची वाट, दवाखान्यांच्या खेपा, लोकांची बोलणी, सगळे त्या दिवशी मागे पडते. लेकराच्या बाजूने पाहिले तर त्याच दिवशी त्याचे सगळे जग नाहीसे होते. संस्थेत त्याला भरवणारी एक मावशी होती, तिच्या अंगाचा वास त्याला माहीत होता. शेजारच्या पाळण्यात रडणारे पोर, खिडकीची जाळी, ठरल्या वेळचे दूध, झोपताना वर फिरणारा पंखा, यातले काहीच नव्या घरात नसते. 'आता हेच तुझे घर' हे वाक्य दीड वर्षाच्या मुलाला कळत नाही. माणसे अचानक नाहीशी होतात, एवढेच त्याला कळते.

पहिल्या दिवसांत मुले साधारण तीन तऱ्हांनी वागतात. काही रडतात, हात लावू देत नाहीत, दाराकडे बोट दाखवतात. हे पाहून आईबाप घाबरतात, पण तीन तऱ्हांत ही सगळ्यांत समजायला सोपी. मूल दुःख करते आहे आणि तुमच्यासमोर करते आहे. त्याला खेळणे दाखवून, मोबाईल हातात देऊन गप्प करू नका. जवळ बसा, घेऊ देत असेल तर कडेवर घ्या, नसेल तर हाताच्या अंतरावर बसून राहा.

दुसरी तऱ्हा गप्प मुलाची. ठेवाल तिथे बसते, द्याल ते खाते, ओले झाले तरी सांगत नाही, पडले तरी रडत नाही. शेजारीपाजारी कौतुक करतात, "किती गुणी आहे हो, आवाजसुद्धा नाही." आम्हाला सगळ्यांत जास्त लक्ष द्यावेसे वाटते ते या लेकराकडे. १९५२ साली इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी आठ दिवस रुग्णालयात आईवेगळ्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे चित्रण करून डॉक्टरांना दाखवले. तोपर्यंत समजूत अशी होती की मूल दोन दिवस रडते आणि मग रुळते. चित्रणातली मुलगी फारशी रडत नव्हती, पण तिचा चेहरा, हातांची चाळवाचाळव, आई भेटायला आल्यावर तिचे तोंड फिरवणे, यावरून ती रुळलेली नसून आतल्या आत मिटत चाललेली आहे हे दिसत होते. अनेक डॉक्टरांना ते प्रथम पटलेच नाही. आज लहान मुलांच्या वॉर्डात आईला सोबत राहू देतात, त्यामागे अशा निरीक्षणांचा मोठा वाटा आहे. तेव्हा गप्प मुलाला गुणी म्हणून सोडून देऊ नका. ते रडत नाही, कारण रडल्यावर कुणीतरी येते याचा त्याला भरवसा उरलेला नाही. पडले की त्याने न मागताही उचला, गुडघ्यावर फुंकर घाला, "लागलं का रे" म्हणा. काही आठवड्यांनी हेच मूल पडल्यावर मोठ्याने भोकाड पसरेल. ती चांगली खूण आहे.

तिसरी तऱ्हा सगळ्यांना फसवते. मूल येईल त्याच्याकडे जाते, अनोळखी बाईच्या गळ्यात पडते, पहिल्याच दिवशी 'आई' म्हणते. घरचे म्हणतात, लगेच रुळले. खरे असे की संस्थेत मावश्यांच्या पाळ्या बदलत असतात. सकाळी एक, दुपारी दुसरी, रात्री तिसरी. जो येईल त्याच्याकडे हात पसरला तर पोट भरते, हे त्या लेकराने शिकून घेतलेले असते. त्याच्या दृष्टीने तुम्हीही आलेली आणखी एक पाळी आहात.

या तिन्ही मुलांना शिकायचे आहे ते एकच. रोज येणारे हात तेच आहेत आणि ते उद्याही येणार आहेत.

कुणाचे हात

म्हणून आमचे म्हणणे असे की पहिले सहा ते आठ आठवडे लेकराला भरवणे, आंघोळ घालणे, ढुंगण धुणे, झोपवणे आणि रडल्यावर उचलणे ही पाच कामे फक्त आई किंवा बाप यांनीच करावीत. एकटी आई असेल तर तिने, आणि सोबतीला ठरवलेल्या एकाच माणसाने. बाकीच्यांनी घरात यावे, हसावे, बोलावे, पण कडेवर घेऊ नये, हाताने खाऊ देऊ नये.

हे लिहायला सोपे आहे. आपल्या वस्तीत दार दिवसभर उघडे असते, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात आणि मूल आले म्हटल्यावर सगळी गल्ली दारात उभी राहते. कुणी खारीचा पुडा आणते, कुणी लेकराला उचलून थेट आपल्या घरी नेते, "माझ्या पोरांत खेळू दे जरा." यात माया आहे. आपल्यातली कितीतरी मुले अशीच दहा घरांच्या ओट्यांवर वाढली आणि चांगली वाढली. पण त्या मुलांना आपले घर कोणते आणि आई कोणती हे आधी माहीत होते, मग ती दहा घरे फिरली. या लेकराला पहिली गोष्टच अजून माहीत नाही. त्याला दहा हातांत दिले तर त्याच्यासाठी ते दुसरे शिशुगृहच होते.

सर्वांत अवघड जाते ते आजीला सांगणे. नातवंडाची वाट तिने तुमच्याइतकीच पाहिलेली असते. "तुम्ही हात लावू नका" असे म्हटले तर घरात भांडण ठरलेले. त्यापेक्षा मूल यायच्या आधीच, संस्थेतल्या समाजसेविका घरी येतात तेव्हा आजीलाही समोर बसवा आणि ही गोष्ट त्यांच्या तोंडून सांगू द्या. आजीने खिमटी शिजवावी आणि वाटी सुनेच्या हातात द्यावी. पाणी भरणे, कपडे, रेशन, मोठ्या मुलाची शाळा, ही कामे तिने उचलली तर आईला लेकराजवळ बसायला मिळते, आणि त्याहून मोठी मदत नाही. तिने शेजारी बसून गाणे म्हणावे, टाळ्या वाजवाव्यात. आठ आठवड्यांनी तिचीही पाळी येतेच. गल्लीतल्यांना आम्ही एकच वाक्य सुचवतो, "डॉक्टरांनी दोन महिने सांगितलंय." डॉक्टरांचे नाव घेतले की कुणाला राग येत नाही, आणि ते खोटेही नाही.

ज्या घरात दोघेही रोजंदारीवर आहेत तिथे आठ आठवडे घरी बसणे परवडत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. धुणीभांडी करणारीला चार दिवस दांडी मारली तर काम सुटण्याची धास्ती असते. अशा घरांत आम्ही पाहिलेली सोय अशी की आई सकाळची दोनच घरे धरते, त्या वेळात बाप थांबतो, आणि तो दुपारच्या कामावर जातो. ते जमत नसेल तर एकच तिसरे माणूस ठरवा, तेच रोज, त्याच वेळी, आणि तुमच्याच घरात. लेकराला तिकडे नेऊन सोडण्यापेक्षा त्या माणसाला तुमच्याकडे बोलवा. जाताना गुपचूप सटकू नका. "आई कामाला जाते, जेवायला येते" असे सांगून, ते रडले तरी सांगून जा, आणि सांगितलेल्या वेळी परत या. चोरून गेलेली आई आणि नाहीशी झालेली मावशी यांत त्याला फरक करता येत नाही.

लहान वयात संस्थेत राहिलेले मूल कायमचे मागे पडते, अशी एक भीती लोकांच्या मनात असते. रुमानियाची राजधानी बुखारेस्ट इथे २००० सालानंतर संस्थांमधल्या १३६ लहान मुलांचा अभ्यास झाला. त्यातली निम्मी मुले कुटुंबांत ठेवली आणि वर्षानुवर्षे दोन्हीकडच्या मुलांची वाढ तपासली. कुटुंबांत गेलेली मुले वाढीत, बुद्धीत, माणसाशी नाते जोडण्यात पुढे गेली. दोन वर्षांच्या आत गेलेली बहुतेक बाबतींत अधिक सावरली. मोठ्या वयात घरी आलेलीही सावरतात, वेळ थोडा जास्त लागतो.

नाव आणि झोप

दीड वर्षाच्या मुलाला त्याचे नाव कळते. संस्थेने ठेवलेले ते एकच त्याने सोबत आणलेले असते. तुम्हाला दुसरे नाव ठेवायचे असेल तर जरूर ठेवा, पण काही आठवडे दोन्ही जोडून हाक मारा आणि जुने हळूहळू मागे पडू द्या. विहारात नामकरण करायचे असेल तर दोन-तीन महिन्यांनी करा. पंचवीस बायका, माईकचा आवाज, फोटोसाठी या हातातून त्या हातात, हे पहिल्या आठवड्यात नको. वंदनेला थांबायची घाई नाही.

झोपेच्या बाबतीत मात्र आपली लहान घरे मोठी उपयोगाची आहेत. वेगळ्या खोलीत मूल झोपवायचा प्रश्नच येत नाही. खाली अंथरूण घालून आई आणि बाप यांच्या मधे झोपवा. संस्थेत बहुधा रात्री दिवा चालू असतो, म्हणून एक मंद दिवा राहू द्या. झोपायच्या आधी टीव्ही बंद. रोज तोच क्रम ठेवा, हातपाय धुणे, दूध, एक गाणे, पाठीवर थोपटणे. पहिल्या रात्री मूल दर तासाला उठेल. काही मुले अंथरुणात डोके इकडून तिकडे घासतात किंवा बसून झुलतात. पाळण्यात एकटे असताना त्यांनी स्वतःला झोपवायची ही रीत शोधलेली असते. ओरडू नका, हात धरून ठेवू नका, जवळ घेऊन तुम्हीच त्या लयीत झुला. बहुतेकांची सवय काही महिन्यांत कमी होते. संस्थेतून येताना त्याची चादर किंवा एखादा जुना सदरा मागून आणा आणि लगेच धुऊ नका, त्या वासाने झोप लागते. एवढी साधी गोष्ट मागायला पैसे पडत नाहीत, पण फार थोडे पालक ती मागतात.

पोट

संस्थेतून निघताना चार गोष्टी लिहून घ्या. दिवसभराचे जेवण कोणत्या वेळी, दूध कोणते आणि किती, जेवण किती मऊ, आणि कोणत्या गोष्टीने त्रास होतो. पहिले दहा-बारा दिवस तेच द्या, त्याच वेळी द्या. खिचडी आणि दूध-बिस्किटच खात असेल तर आज तेच. घरातली भाकरी, अंडे, मासळी, भाजी एकेक करून आणा, दोन-तीन दिवसांच्या अंतराने. संस्थेत मऊ खायची सवय असल्याने काही मुलांना चावता येत नाही, घास गालात धरून ठेवतात. भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नका, घशात अडकून जीव जातो.

बाटलीची सवय असेल तर पहिल्या दिवशी तोडू नका. आधीच एवढे सुटले आहे. फक्त बाटली त्याच्या हातात देऊन निजवू नका. मांडीवर घेऊन, तोंडाकडे पाहत तुम्ही धरा. पुढे पेला. दूध दिवसाला साधारण अर्ध्या लिटरवर नेऊ नका. दुधानेच पोट भरले तर जेवण जात नाही आणि रक्त कमी होते.

काही मुले खातच सुटतात. ताट रिकामे झाले तरी हात पुढे करतात, बिस्किट मुठीत धरून झोपतात, उशीखाली चपाती सापडते. "हावरट आहे" असे कुणाला म्हणू देऊ नका. ज्या मुलाने वाट पाहून आणि वाटून खाल्ले आहे त्याला उद्याच्या जेवणाची खात्री नसते. एका डब्यात केळे किंवा पोळीचा तुकडा त्याच्या हाताला लागेल असा ठेवा आणि तो डबा त्याचा आहे हे सांगा. डबा नेहमी भरलेला दिसला की साठवणे आपोआप थांबते.

पाणी बदलल्याने जुलाब होणारच, असे गृहीत धरून ओआरएसची पाकिटे आधीच घरात ठेवा. मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला, चमच्या-चमच्याने पाजा, उरलेले २४ तासांनी टाकून द्या. सरकारी केंद्रात जुलाबासाठी झिंकच्या गोळ्या मोफत मिळतात; सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण.

दवाखाना

घरी आल्यावर पहिल्या आठ-दहा दिवसांत एकदा लहान मुलांच्या डॉक्टरांकडे जा. संस्थेने दिलेला वैद्यकीय तपासणीचा अहवाल आणि लसीकरणाचे कार्ड सोबत न्या. पहिल्या भेटीत सुई नको असे तुम्हाला वाटेल, पण राहिलेली लस पुढे ढकलू नका. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटी आणि पोलिओचे बूस्टर १६ ते २४ महिन्यांत असतात आणि संस्था बदलाच्या गडबडीत नेमके हेच राहतात. एखादा डोस चुकला म्हणून सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही. जीवनसत्त्व 'अ' दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत, लोहाचे औषध आठवड्यातून दोनदा, जंताची गोळी चुरून, हे सगळे आशाताई आणि अंगणवाडीकडे मोफत आहे. सुई टोचताना मूल तुमच्या मांडीवर असावे, परिचारिकेच्या हातात नको.

अंगणवाडीत नाव घाला. तीन वर्षांखालच्या मुलाला घरी न्यायचा आहार मिळतो, वजन-उंची होते. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते. १२.५ सेंटिमीटरच्या खाली पिवळा, ११.५ च्या खाली लाल. लाल असेल तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, पोषण पुनर्वसन केंद्राची चिठ्ठी मागा. वयाच्या मानाने ठेंगणे असणे मात्र संस्थेतल्या मुलांत पुष्कळ दिसते आणि घरचे जेवण व माया मिळाली की उंची वेगाने भरून निघू लागते.

अंगावर खरूज, डोक्यात उवा असण्याची शक्यता बरीच. लाज वाटून घेऊ नका. खरजेचे मलम सगळ्या घराने एकाच रात्री लावायचे असते, नाहीतर ती घरातच फिरत राहते. पाठीवर किंवा कुल्ल्यावर निळे-करडे डाग दिसले तर 'संस्थेत मारले' असा तर्क लगेच करू नका; आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना असे डाग जन्मतः असतात आणि पुढे जातात. शंका असेल तर डॉक्टरांना दाखवा. कुटुंब विदर्भातले असेल तर सिकलसेल हा शब्द घरात ठाऊक असतो. लेकराचा रक्तसंबंध माहीत नसल्याने ती तपासणी अहवालात आहे का पाहा, नसेल तर करून घ्या.

आता एक गोष्ट उलट बाजूची. मूल यायच्या आधी घरातल्या मोठ्यांची तपासणी करा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला कुणालाही असेल, मग तो आजोबांचा 'जुनाच' खोकला का असेना, थुंकी तपासून घ्या. क्षयाची तपासणी आणि औषध सरकारी केंद्रात मोफत आहे. दाटीच्या खोलीत पाच वर्षांखालच्या मुलाला क्षय लवकर धरतो आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतो. घरात बिडी-सिगारेट बंद. मिश्रीची डबी वर ठेवा.

मूल पाणीसुद्धा पिईना, सगळे उलटून टाकते, झटका आला, हाक मारूनही जागे होत नाही, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो किंवा मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त श्वास होतात, शौचाला रक्त पडते, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

चालणे-बोलणे उशिरा असेल तर घाईने 'मंद आहे' असा शिक्का मारू नका आणि 'होईल आपोआप' म्हणून सोडूनही देऊ नका. अडीच-तीन महिन्यांत पुढे सरकताना दिसले पाहिजे. मागून टाळी वाजवली तरी वळत नसेल, तोंडाकडे पाहतच नसेल, किंवा येत असलेले विसरत असेल, तर अंगणवाडीतून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे आणि तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येते. ऐकू न येण्याची तपासणी विशेष करून घ्या. गप्प मुलाचे कान राहून जातात.

आईचे मन

यावर फार कुणी बोलत नाही. लेकरू घरी आले, सगळे पेढे मागत आहेत, आणि आईला आतून काहीच वाटत नाही. उलट थकवा येतो, चिडचिड होते, रात्री रडू येते, "चूक केली का आपण" असे मनात येते. बाळंतपणानंतर जसे होते तसे दत्तक घेतलेल्या आईलाही होते, बापालाही होते. माया पहिल्या दिवशी यावीच लागते असा नियम कुठे नाही. भरवता-धुता, रात्री जागता ती तयार होते. कधी लेकरू एकाचीच निवड करते, बापाला बिलगते आणि आईला हात लावू देत नाही. संस्थेत सगळ्या बायाच होत्या, त्यामुळे याच्या उलटही होते, मिशावाल्या बापाला पाहून किंचाळते. ज्याला दूर सारले त्याने रुसून मागे सरू नये. भरवण्याचे काम थोडे-थोडे त्याच्याकडे द्या, दुसऱ्याने जवळ बसावे. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडाली, मन उदास राहिले तर डॉक्टरांना सांगा. संस्थेची समाजसेविका दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाहणी करते. "सगळं छान आहे" एवढेच तिला सांगून चहा पाजू नका. अडचण सांगितली म्हणून कुणी मूल काढून नेत नाही.

घरात आधीचे मोठे मूल असेल तर त्याचेही रोज अर्धा तास फक्त त्याचे म्हणून राखा. ते पुन्हा अंथरूण ओले करू लागले तर मारू नका.

"कुणाचं आहे?"

हा प्रश्न येणारच, आणि त्याच्या पाठोपाठ दुसराही. आम्ही हे अनेकदा ऐकले आहे, आपल्याच माणसांच्या तोंडून. "रंग वेगळा दिसतो." "जात कोणती निघाली?" जातीने आपल्याशी काय केले हे माहीत असलेल्या घराच्या ओट्यावर हा प्रश्न विचारला जावा याचे वाईट वाटते. उत्तर छोटे ठेवा, "आमचं आहे." पुढचे सांगायचे नाही. ते कुठे सापडले, जन्म देणारी कोण, हे तुम्हाला जेवढे कळले असेल तेवढे त्या लेकराच्या मालकीचे आहे; ते मोठे होईल तेव्हा आधी त्याने ऐकावे, गल्लीने नंतरही ऐकायची गरज नाही. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर फोटो टाकू नका.

लपवायचे नाही ते एवढेच की ते दत्तक आहे. दोन वर्षांच्या मुलालाही आंघोळ घालताना सांगता येते, "आम्ही तुला आणायला आलो होतो, तू पिवळा सदरा घातला होतास." त्याला अर्थ कळणार नाही, पण सांगायची सवय तुम्हाला लागेल आणि पुढे शेजारणीच्या तोंडून कळण्याची वेळ येणार नाही. महामायेच्या मृत्यूनंतर सिद्धार्थाला महाप्रजापती गौतमीने वाढवले, बाबासाहेबांना भीमाबाईंच्या मागे आत्या मीराबाईंनी सांभाळले, ही नावे आपल्या घरांत लपवून घेतली जात नाहीत.

सहा-आठ आठवड्यांनी काही खुणा पाहा. अनोळखी माणूस आल्यावर मूल तुमच्या पायामागे लपते का, खेळताना मधेच वळून तुम्ही आहात ना हे बघते का, तुम्ही कामाला निघाल्यावर रडते आणि परत आल्यावर धावत येते का. सुरुवातीला सगळ्यांकडे जाणारे मूल आता शेजारणीकडे जाईना म्हणून ती नाराज होईल, होऊ द्या. मग एकेक माणूस जवळ आणा. आधी आजी, तिच्याकडून एक वेळचे जेवण. मग काका, आत्या. मग एका साध्या संध्याकाळी, गर्दी नसताना, विहारात अर्धा तास. १४ एप्रिलची मिरवणूक आणि तिचा डीजे यंदा राहू द्या, किंवा खांद्यावर बसवून लांबून दाखवा आणि कानावर हात ठेवले की घरी आणा. पाहुण्यांकडे मुक्कामाला जायचे असेल तर त्याची चादर, डबा आणि झोपतानाचे गाणे सोबत घ्या.